देवजीचा सदरा

मित्रांनो, माझं डोकं म्हणजे तडा गेलेलं मडकं, हात म्हणजे एक आडवा बांबू आणि पोटात सगळा भाताचा पेंढा. एवढ्या भांडवलावर मी घणसोलीच्या खारीत वर्षानुवर्षं उभा होतो, आणि भलेभले माझ्यासमोरून जाताना मान खाली घालायचे. ओळखलंत ना? मी बुजगावणं. हसा, हसा. मला पहिल्यांदा बघितलं की सगळे हसतात. नंतर नाही हसत.

मला देवजीनं बनवलं. घणसोली गावातला हा शेतकरी खाडीकाठच्या खारीत भात पिकवायचा. खार म्हणजे काय, ते तुम्हां फ्लॅटमधल्या मुलांना कुठून ठाऊक असणार! खाडीचं पाणी मातीचा लांबलचक बांध घालून अडवायचं आणि आतल्या जमिनीत पावसाच्या गोड्या पाण्यावर भात घ्यायचा. बांध शाबूत तर घरात तांदूळ. बांधाला खांड पडली, की भरतीचं खारट पाणी आत शिरतं आणि जमीन कामातून जाते. त्यामुळे देवजीचा अर्धा जीव बांधात अडकलेला असायचा आणि अर्धा पाखरांत. भात पिकायला लागला की चिमण्या, पोपट, मुनिया अशा तुटून पडायच्या की बघायला नको.

म्हणून त्यानं मला उभं केलं, आतल्या उंच बांधावर, सगळी खार दिसेल अशा जागी. मडक्यावर चुन्यानं डोळे काढले, काजळीनं मिशी काढली. त्याची बायको भिमाबाई बघायला आली आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

"ये तं तुमच्यासारखाच दिसतंय!"

"मग बरा हाय की," देवजी म्हणाला. "मी घरी जेवत असलो तरी पाखरांना वाटल, देवजी खारीतच हाय."

तो मला गडी म्हणायचा. सकाळी आला की आधी माझ्या खांद्यावर सदरा टाकायचा, मग उघड्या अंगानं कामाला लागायचा, आणि संध्याकाळी घरी जाताना सदरा काढून घ्यायचा. "धर रे गड्या," एवढंच बोलायचा. मला तेवढं पुरायचं. भिमाबाई गोफण घेऊन बांधावर फिरायची आणि पाखरांना अशा शिव्या घालायची की मला मडक्याच्या आत लाज वाटायची. पाखरांवर तिचा भारी राग. "आमच्या तोंडातला घास नेतान मेली," म्हणायची. खोटं नव्हतं ते.

पुढे सरकारनं नव्या शहरासाठी खारी घेतल्या. गावात बैठका झाल्या, आरडाओरडा झाला, आणि मग सगळे गप्प झाले. शहर काही लगेच आलं नाही. ते यायचं तेव्हा येईल, तोवर पेरा, असं लोक म्हणाले. पण एक मोठी गोम झाली. बांध आता कुणाचा? पूर्वी खांड पडली की सगळा गाव घमेली घेऊन धावायचा. आता जो तो म्हणे, सरकारची जमीन, सरकार बघेल. देवजी तेवढा एकटा बांधावर माती टाकत राहिला. नामदेव, त्याचा धाकटा भाऊ, त्याला वेड्यात काढायचा.

आणि मग श्रावणातलं ते उधाण आलं. दिवसभर पाऊस कोसळत होता, खाडी बांधाच्या काठापर्यंत चढली होती. दिवेलागणीच्या सुमाराला देवजी धापा टाकत आला. बाहेरच्या बांधाला खांड पडली होती आणि पाणी आवाज करत आत येत होतं. त्यानं सदरा काढला, माझ्या दोन्ही हातांवर नीट घातला, अगदी बाह्यांत बांबू सरकवून, म्हणजे वाऱ्यानं उडू नये.

"धर रे गड्या. आयलोच मी."

तो खांडीकडे गेला. मला तो थोडा वेळ दिसला, नंतर पावसात दिसेनासा झाला. मी वाट बघितली. बुजगावण्याला दुसरं काय येतं?

सकाळी सगळा गाव होड्या घेऊन खाडीत फिरला. तिवरांच्या झाडांच्या मुळांत बघितलं, पार पलीकडच्या काठापर्यंत बघितलं. देवजी सापडला नाही. कधीच नाही. नामदेव रडत रडत माझ्याकडे आला आणि सदरा काढून घ्यायला त्यानं हात पुढे केला. भिमाबाईनं तो हात धरला.

"हात लावू नको, नामा. त्यानी ठेवलाय, तोच येऊन नेल."

तिनं दहावं होऊ दिलं नाही, बारावं होऊ दिलं नाही. कुंकू पुसलं नाही. नातेवाइकांनी समजावलं, रागावून झालं, बोलणं बंद करून झालं. तिचं आपलं एकच. मानूस आयलोच म्हनून गेलाय, मग येल.

मित्रांनो, त्या दिवसापासून सदरा माझ्या अंगावर राहिला. खरं सांगतो, मला त्याची भीती वाटायची. मी दुसऱ्यांना भिववणारा, आणि मलाच भीती! पण भरतीचा वारा खाडीवरून आला की तो सदरा फुगायचा आणि बाह्यांत कुणीतरी हळूच हात घालतंय असं मला जाणवायचं. मग माझ्या पेंढ्यात नाही नाही ते यायचं. मला विडीची तल्लफ लागायची. मी जन्मात विडी ओढलेली नाही. बाहेरच्या बांधाची काळजी लागायची. भिमाबाई लांबून येताना दिसली की तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याची आठवण यायची, आणि ते लुगडं तर मी कधी बघितलेलंही नव्हतं. मी कोण, हे मला धड सांगता येईना. तिला सांगावंसं वाटायचं, अगं बाई, तुझा माणूस इथंच कुठंतरी आहे. पण काजळीच्या तोंडाला आवाज कुठला?

ती दर अमावास्या-पुनवेला, उधाणाच्या दिवशी यायची. सदरा फाटला असेल तिथं ठिगळ लावायची. खिशातली भिजलेली विडी काढून दुसरी कोरडी ठेवायची. बाजूला बसून गावातलं काय काय सांगायची, कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीचं जमलं. जाताना म्हणायची, "बरा, येते मी. तुमी पन या आता." ठिगळांवर ठिगळं चढत गेली. शेवटी त्यात देवजीचा मूळ कपडा कॉलरएवढाच उरला असेल. तरी गावाला तो देवजीचाच सदरा. माणसं वाट वाकडी करून जायची. कुणी म्हणे, संध्याकाळी तो हात हलवतो. मी हलवत नव्हतो, वारा हलवायचा. की आणखी कोण, ते मला माहीत नाही.

नामदेवाचं सांगायला हवं. तो कळंबोलीला जाऊन ट्रक चालवायला शिकला आणि पुढे खारीत भराव टाकायच्या कामाला लागला. एका ठेकेदाराचा माल, माती आणि मोडक्या बांधकामांचा राडारोडा. आजूबाजूच्या खारी त्यानं एकेक करून बुजवल्या. आमची मात्र नाही. ठेकेदार ओरडायचा, तेव्हा नामदेव म्हणायचा, "तिथं नाय साहेब. तिथं दादा बघतोय." भुताला भ्यायचा म्हणता? छे. त्या दिवशी बांधावर भावाच्या जोडीला गेला नव्हता, त्याची लाज होती ती. माझ्यासमोरून ट्रक नेताना तो मान वर करत नसे.

अशी आमची खार मोकळी राहिली. खांडीतून भरती आत यायची, ओहोटीला चिखल उरायचा. आणि त्या चिखलात पाखरं आली. भातावर येणारी नव्हेत, वेगळीच. लांब चोचींचे तुतवार, पांढरे बगळे, आणि शेकाटे. शेकाटा बघितलाय का तुम्ही? काळे पंख, पांढरं अंग आणि तांबड्या काटक्यांसारखे लांबच लांब पाय. उन्हाळ्यात शेकाटे चिखलातल्या उंचवट्यांवर काटक्या गोळा करून अंडी घालायचे. माणूस फिरकत नाही अशी जागा त्यांना दुसरीकडे कुठं मिळणार? मला तर ते मुळीच भीत नव्हते. खंड्या माझ्या डोक्यावर बसून मासे गिळायचा. माझी काय ती अब्रू गेली, पण जाऊ दे. सोबत होती.

मग दुर्बीणवाले आले.

ते वाशीच्या नव्या वसाहतीतले. 'खाडीकाठ पक्षीमित्र मंडळ' असं नाव त्यांनी घेतलं होतं. रविवारी भल्या सकाळी बसनं यायचे. सगळ्यांत मिळून दुर्बीण एकच, तिच्यासाठी आपसांत भांडायचे. सुधीर बँकेत कारकून आणि मंडळाचा सेक्रेटरी. त्याला सतत काहीतरी करायची घाई. श्यामसुंदर पोस्टातला, अंगानं आडवा, पायानं हत्ती. आणि मीना, वसाहतीतल्या शाळेत शिकवणारी, कमी बोलणारी.

मी त्यांना आधी नाकं मुरडली. पण माणसं भली, हे कबूल करायला हवं. छर्‍याची बंदूक घेऊन बगळे मारायला येणाऱ्यांना त्यांनी इतकं समजावलं, इतकं समजावलं, की ते कंटाळूनच यायचे बंद झाले. थंडीत पाखरांची मोजदाद करायचे. दिघ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या मुलांना घेऊन यायचे, खाडी दाखवायचे. गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये स्लाइड शो लावायचे. फक्त एक गोष्ट त्यांनी केली नाही. घणसोली गावात जाऊन ते कधी कुणाशी बोलले नाहीत. बांधावर येणारी भिमाबाई त्यांना लांबून दिसायची. त्यांना वाटलं, बाई चिंबोऱ्या, खेकडे धरायला येते.

एका एप्रिलात त्यांना शेकाट्यांची घरटी दिसली. काय तो आनंद! श्यामसुंदर चिखलात नाचायचा बाकी राहिला. मग सुधीरनं दुर्बिणीतून सगळीकडे बघितलं आणि त्याच्या एक लक्षात आलं. घरटी सगळ्या खारीत होती, फक्त माझ्या भोवती नव्हती. आता मी उभा उंच कोरड्या बांधावर, आणि शेकाटा घरटं करतो पाण्यालगत. पण हे सांगणार कोण?

"बुजगावणं!" सुधीर म्हणाला. "एवढ्या घरट्यांच्या मध्ये बुजगावणं! पाखरं बिचारी टेन्शनमध्ये असणार."

ते माझ्याकडे यायला लागले, तसा माझ्या डोक्यावरचा खंड्या उडाला. तो उडाला ह्यांना बघून. ह्यांना वाटलं, मला बघून.

"कुणाचं असेल? गावात विचारूया का?" मीना म्हणाली.

"अगं, कुणाचं असणार? शेती कुठे राहिलीये इथे? काढून टाकू, पुढच्या वर्षी दुप्पट घरटी होतील बघ."

मित्रांनो, त्याच्या मनात पाप नव्हतं. तेच तर वाईट. श्यामसुंदरनं बूट काढले, अनवाणी चिखल तुडवत वर आला आणि मला मुळासकट उपटलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच हललो. सदऱ्याच्या आत काहीतरी ओरडलं. मी असेन. दुसरं कोण असणार?

मला वाशीला नेलं. सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, तिथं कोपऱ्यात उभं केलं आणि गळ्यात पाटी अडकवली, 'पाखरांचा जुना शत्रू'. मुलं आली, माझी मिशी ओढून खिदळली. ट्यूबलाइटच्या उजेडात देवजीचा ठिगळांचा सदरा असा काही केविलवाणा दिसत होता की काय सांगू. ना वारा, ना भरती. बाह्या रिकाम्या लोंबत होत्या. मला पहिल्यांदाच एकटं वाटलं.

एका पोरीनं माझ्या खिशात हात घातला आणि विडी काढून मीनाला दाखवली. मीनानं ती हातात फिरवली, हुंगली. विडी कोरडी होती, ताजी. मीनाचा चेहरा उतरला. जुन्या, टाकून दिलेल्या बुजगावण्याच्या खिशात ताजी विडी कोण ठेवतं? ती कुणाला न सांगता पुढच्या सुट्टीला एकटीच घणसोलीला गेली.

तिकडे काय घडलं होतं, ते तिनं परत येऊन सांगितलं. हॉल रिकामा होता, सुधीर आणि श्यामसुंदर खुर्च्या आवरत होते, आणि मी कोपऱ्यात ऐकत होतो.

मी गेल्यावर अमावास्या आली होती. भिमाबाई नेहमीसारखी खारीत गेली. बघते तर सदरा नाही, मी नाही, बांधावर नुसतं भोक. आणि चिखलात मोठ्या, अनवाणी पावलांचे ठसे, खाडीच्या अंगानं आलेले आणि बांधावर चढलेले. ती धावत गावात गेली.

तो आयला. सदरा घेऊन गेला.

तेवढंच तिला समजलं, आणि दुसरं काय समजणार? ती वर्षानुवर्षं हेच म्हणत होती ना, तोच येऊन नेईल म्हणून? तिनं घर शेणानं सारवलं. हातभर हिरवा चुडा भरला. मीना गेली तेव्हा चुलीवर चिंबोऱ्यांचं कालवण रटरटत होतं आणि दोन ताटं मांडलेली होती.

"बस गो बाय," भिमाबाई म्हणाली. अनोळखी मीनाला तिनं हाताला धरून बसवलं. "माझा मानूस आयलाय. दुपारचा खारीत जातो, बांध बघाला. रातचा येऊन जेवतो. मी दार उघडाच ठेवते."

"तुम्ही त्यांना बघितलंत?"

"तोंडावर नाय येत अजून. लाजतो. येवऱ्या वर्सांनी आयलाय ना." आणि मग हळूच म्हणाली, "पन सकाली ताट रिकामा असतं."

मांजर खात असेल, असं श्यामसुंदर पुटपुटला. असेल मांजर. मी काय सांगू? मी तर तेव्हा वाशीत होतो, आणि त्या दिवसांत माझा सदरा अगदी रिकामा होता.

मीनाला तिथं तोंड उघडता आलं नाही. भिमाबाईनं वाढलेला घास गिळून ती खारीकडे गेली, तर तिथं नामदेवाचा ट्रक उभा. बुजगावणं गेलं, दादा घरी आला असं वहिनीच म्हणते, मग आता खारीत कुणाची लाज? रस्त्याकडच्या अंगाला मातीचा ढीग पडला होता. ज्यांची घरटी त्याखाली गेली ते शेकाटे वर गोल गोल फिरत ओरडत होते. ढिगावर उतरायचे, इकडे तिकडे बघायचे, पुन्हा उडायचे. सांगता सांगता मीना रडायला लागली.

सुधीर डोकं धरून बसला. "संध्याकाळी गुपचूप नेऊन परत रोवू. तिला कळणारही नाही."

"आणि मग ती काय समजेल?" मीना म्हणाली. "आलेला माणूस सदरा ठेवून पुन्हा गेला, असंच ना? नाही. दिवसाढवळ्या न्यायचं आणि तोंडानं सांगायचं. आपण तिला विचारलं नाही, सुधीर. एवढं साधं होतं ते, आणि आपण विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामसुंदरनं मला उभंच खांद्यावर घेतलं आणि आम्ही बांधाच्या वाटेनं निघालो. बांधाच्या अलीकडे तिवरं उंच आहेत. पलीकडून बघणाऱ्याला खालची माणसं दिसत नाहीत. वरून येणारा सदरा तेवढा दिसतो, आणि पसरलेले हात.

वारा सुटला होता. बाह्या फुगल्या. आला तो, माझ्यात आला, अगदी भरून आला.

भिमाबाई पलीकडच्या बांधावर होती. तिनं आम्हांला बघितलं. डोक्यावरची टोपली टाकली आणि चुडा वाजवत, पदर सावरत धावत सुटली. त्या वयाची बाई अशी धावताना मी बघितली नव्हती. "आवो! थांबा तिथंच, मी आयले! मीच आयले!" नामदेव ट्रकच्या टपावर चढून बघत होता. तो खाली उतरला आणि त्यानं इंजिन बंद केलं.

मला थांबवायचं होतं तिला. मला हातही हलवायचा होता. दोन्ही खरं आहे.

तिवरांचं वळण संपलं आणि तिला खालचा श्यामसुंदर दिसला. ती थांबली. श्यामसुंदरनं मला हळूच खाली टेकवलं. मीना पुढे झाली आणि हात जोडून तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. मावशी, आम्ही नेलं होतं. पाखरांसाठी नेलं. तुम्हांला विचारलं नाही. पावलं ह्यांची होती.

मला वाटलं, भिमाबाई आता ह्यांना फाडून खाणार. पाखरांना दिलेल्या शिव्या मी विसरलो नव्हतो. पण ती माझ्याजवळ आली. माझी कॉलर सरळ केली. गळ्यातली पाटी काढायची कुणाला सुचलंच नव्हतं, ती तिनं काढून बाजूला ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, ते एक बरं झालं.

"चार दिस जेवला ना घरी," ती म्हणाली. "चार दिस का व्हयना."

मग बराच वेळ ती माझ्या चुन्याच्या डोळ्यांत बघत उभी राहिली. नामदेव येऊन मागं थांबला होता. तिनं त्याच्याकडे न बघता सांगितलं, "नामा, आता जाल यानला. मी दमले."

मित्रांनो, ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा पुतळा करून जाळायची आपल्याकडे रीत आहे. त्यासाठी दर्भ लागतो, भटजी लागतो. इथं पुतळा तयारच होता.

नामदेव, एवढा मोठा माणूस, हमसून हमसून रडला. म्हणाला, वहिनी, स्मशानात नेतो. ती म्हणाली, "नाय. तो हितंच गेला, हितंच जाल." आणि ट्रककडे बोट करून म्हणाली, "दादाला जालला तिथं माती टाकशील, तर मग बघते तुला."

तिला पाखरांची दया आली असं काही नाही हं. उगाच तसं लिहू नका निबंधात. पाखरांवर तिचा शेवटपर्यंत राग होता. मीनाच्या मनात मात्र आलं असणार की घरटी जवळ आहेत, धूर होईल. तिनं एकदा तिकडे बघितलं, सुधीरनंही बघितलं. दोघं गप्प राहिले. बोलायचं कुठे आणि गप्प बसायचं कुठे, ते मंडळ त्या दिवशी शिकलं.

मला बांधावर आडवा केला. आयुष्यात पहिल्यांदाच आडवा झालो. आभाळ केवढं मोठं असतं ते मला ठाऊकच नव्हतं, मी आपला सदा समोर बघणारा. भिमाबाईनं चुडा फोडला. कुंकू पुसलं. नामदेवानं पाणी फिरवलं आणि काडी लावली. श्यामसुंदर, सुधीर, मीना हात जोडून उभे राहिले, घरचंच माणूस गेल्यासारखे. पेंढा वाळलेला, चटकन पेटला. सदऱ्यातली विडीसुद्धा पेटली, तिचा वास आला. इतकं बरं वाटलं!

शेकाटे धुरानं उठले, ओरडले, दोनदा फिरले आणि आपापल्या अंड्यांवर परत बसले. नामदेवानं त्यानंतर तिथं एक घमेलंही माती टाकली नाही. दुसऱ्या ट्रकवाल्यांनाही टाकू दिली नाही. पिल्लं निघाली तेव्हा मंडळी बघायला आली, पण आधी भिमाबाईच्या दारी जाऊन, विचारून आली. ती म्हणाली, बघा जा, मेल्या पाखरांना.

तर मित्रांनो, पाखरं सांभाळा, खाडी सांभाळा, हे तुम्हांला शाळेत सांगतातच. मी वेगळं सांगतो. कुठंही भलं करायला गेलात आणि तिथं एखादी जुनी, फाटकी, बिनकामाची वस्तू दिसली, तर ती उपटायच्या आधी शेजारच्या घराचं दार वाजवा. ती कुणाची आहे ते विचारा. कुणीतरी तिच्या खिशात ताजी विडी ठेवत असतं.

मला आता अंग नाही. राख भरतीनं नेली. देवजी सुटला असं नामदेव म्हणतो, आणि सुटायलाही हवा होता. जाळून परतताना मागं वळून बघायचं नसतं, नाहीतर गेलेल्याचा पाय निघत नाही. नामदेव तिला सांगत होता, वहिनी, सरळ चल, मागं बघू नको. ती सरळ चालली होती. पार तिवरांच्या वळणापर्यंत गेली.

तिथं तिनं वळून बघितलं.

त्याला बघितलं की मला, ते मला अजून कळलेलं नाही. पण मी अजून इथंच आहे.